सावलीतलं परडं

या महिन्याच्या पत्रांत एक पत्र शहापूरहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंच्या घरामागे वीस बाय तीस फुटांचं परडं आहे. ईशान्य कोपऱ्यात सासऱ्यांनी लावलेला आंबा, त्याच्या समोरच्या अंगाला आड, आणि मधे भाजीचे दोन वाफे. सकाळी पूर्वेकडून ऊन येतं. दोन वर्षांपूर्वी दक्षिणेला चार मजली इमारत उभी राहिली, तेव्हापासून टोमॅटोला आलेली फुलं गळतात आणि वांग्याला नुसती पानं फुटतात. "सासूबाईंनी मागल्या दारी जाणंच सोडलंय," असं त्या लिहितात. "पूर्वी सकाळचे दोन तास त्या तिथेच असायच्या. मुलगा म्हणतो, पेव्हर टाकून गाडी लावूया. आंबा तोडला तर ऊन येईल का? की पेव्हरच टाकावेत?"

टिळकवाडीपासून वडगावपर्यंत आज निम्म्या जुन्या घरांची हीच गोष्ट आहे, म्हणून या वेळचं सदर याच विषयावर. उत्तर आधीच सांगते. आंबा तोडू नका, पेव्हरही टाकू नका, पण टोमॅटोचा नाद मात्र सोडा. सावलीच्या परड्याची पिकं वेगळी असतात आणि त्याचं वेळापत्रकही उन्हातल्या बागेच्या उलटं असतं. ते एकदा समजलं की चैत्र-वैशाखात तुमचं परडं उघड्यावरच्या बागेला मागे टाकतं.

ऊन नेमकं कोणी अडवलंय?

"आमच्याकडे ऊन नाही" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं. ऊन नाही म्हणजे कुठे नाही, कधी नाही आणि कशामुळे नाही, एवढं आधी पाहायला हवं.

बेळगावात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. एकदा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दहा तारखेच्या आसपास. या दोन तारखांच्या मधल्या काळात मध्यान्हीला तो किंचित उत्तरेकडेच असतो. त्यामुळे दक्षिणेला कितीही उंच इमारत असली तरी मे ते ऑगस्ट या काळात दुपारचं ऊन ती अडवू शकत नाही. (आपल्याकडे खरी मध्यान्ह बारा वाजता नव्हे, साडेबाराच्या सुमारास होते, हेही लक्षात ठेवा.)

डिसेंबरात चित्र पालटतं. सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दक्षिणेकडूनच कलत जातो. २२ डिसेंबरच्या मध्यान्हीला ४० फूट उंचीच्या इमारतीची सावली उत्तरेकडे सुमारे ३३ फूट पडते. म्हणजे या ताईंचं तीस फुटी परडं पूर्ण झाकलं जातं. ग्वाल्हेरहून हे सदर वाचणाऱ्यांसाठी सांगते, तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही आणि डिसेंबरात त्याच इमारतीची सावली ४७ फुटांपर्यंत जाते.

आता आंब्याचा विचार करा. तो ईशान्येला आहे. हिवाळ्यात सूर्य त्या बाजूला फिरकतच नाही. तेव्हाचं ऊन इमारतीने अडवलेलं आहे, आंब्याने नाही. आंबा तोडून मिळेल ते उन्हाळ्यातलं सकाळचं थोडं ऊन, म्हणजे ज्या दिवसांत आपण भाजीला सावली शोधतो त्या दिवसांतलं. झाड जाईल आणि थंडीतला वाफा होता तसाच अंधारात राहील. म्हणून झाडावर कुऱ्हाड चालवण्याआधी दिशा पाहा.

एक दिवस मोजणीसाठी द्या

स्वच्छ उन्हाचा एक दिवस निवडा. कागदावर परड्याचा साधा नकाशा काढा आणि सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर तासाला जाऊन ऊन कुठे आहे ते नकाशावर खूण करून ठेवा. हे काम नातवंडांना सांगितलं तर ती आवडीने करतात. मे आणि डिसेंबर ही वर्षाची दोन टोकं आहेत, ती दोन्ही मोजा. जमलं तर मार्चअखेरीस आणखी एकदा.

संध्याकाळी नकाशावर तास मोजा. ६ तास किंवा जास्त थेट ऊन असेल तर तो उन्हाचा तुकडा. ३ ते ६ तास असेल तर अर्धसावली. ३ तासांहून कमी, पण वर आकाश मोकळं दिसत असेल तर उजळ सावली. आणि ऊनही नाही, आकाशही दिसत नाही, जसं जिन्याखाली किंवा दोन भिंतींच्या बोळात, ती गडद सावली.

उजळ आणि गडद सावलीतला फरक ओळखायची सोपी युक्ती आहे. दुपारी पांढरा कागद जमिनीवर ठेवा आणि फूटभर वर हात धरा. कागदावर हाताची पुसट का होईना सावली दिसली तर तिथे पालेभाजी जगेल. काहीच दिसलं नाही तर त्या जागी खाण्याचं काही लावू नका, तिथे कंपोस्टचा पिंप ठेवा. गडद सावलीतही सगळं पिकतं असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

पान खायचं, कंद खायचा की फळ?

झाड उन्हातून आपलं अन्न बनवतं. पान तयार करायला त्याला कमी खर्च येतो, कंद भरायला जास्त आणि फूल-फळ धरायला सगळ्यात जास्त. म्हणून हिशोब सरळ आहे. जिचं फळ खातो ती भाजी उन्हात, जिचं पान खातो ती सावलीत चालते. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांना किमान सहा तास ऊन हवंच. ते नसेल तर झाड जगतं, उंच वाढतं, पण फळ धरत नाही. आपल्या ताईंच्या वांग्याचं हेच झालं. त्यात खताचा किंवा हाताचा काही दोष नाही. मुळा, गाजर, बीट यांना चार-पाच तास लागतात. पालक, कोथिंबीर, मेथी, चुका आणि पुदिना यांचं तीन-चार तासांत भागतं.

मात्र सावलीत पालेभाजी सावकाश वाढते. उन्हात पालकाची पहिली कापणी ३० ते ३५ दिवसांत मिळत असेल तर इथे आठ-दहा दिवस जास्त धरा. बी विरळ पेरा. दाट पेरलं तर रोपं प्रकाशासाठी एकमेकांशी झगडत लांबट आणि दुबळी होतात. आणि वाढ मंद आहे म्हणून युरिया टाकायचा मोह टाळा. कमी प्रकाशात दिलेलं जास्तीचं नत्र पालेभाजीच्या पानांत नायट्रेट होऊन साठून राहतं. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पुरेसं आहे.

सावलीतच रमणाऱ्या वनस्पतींचा एक वेगळा गट आहे आणि तो आपल्या माणसांना शतकानुशतकं माहीत आहे. घाट उतरून गोव्यात गेलं की कुळागरं लागतात. वर माड आणि पोफळी, त्यांच्यावर चढलेली मिरवेल, खाली हळद, आलं, सुरण, अळू. सांगली-मिरजेकडच्या पानमळ्यांत शेवरी, शेवगा, पांगारा मुद्दाम लावून त्यांच्या विरळ सावलीत नागवेल वाढवतात. तीच रीत आपल्या वीस बाय तीस फुटांत आणता येते.

हळद आणि आलं: अर्धसावलीत उत्तम. कंद दोन इंच खोल, एकमेकांपासून फूटभर अंतरावर. मे महिन्यात लावलेली हळद पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत, पानं वाळली की काढायची. तोवर नागपंचमीच्या पातोळ्यांना घरचीच पानं मिळतात.

अळू, काही घरांत ज्याला चमकुरा म्हणतात: आडाजवळच्या किंवा मोरीच्या पाण्याजवळच्या ओलसर जागेत. कंद विश्वासाच्या घरातूनच घ्या. अळूसारखी दिसणारी शोभेची झाडं विषारी असतात, त्यांची पानं चुकूनही भाजीत जाता कामा नयेत. खाण्याच्या अळूतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानेच घसा खाजतो. म्हणून अळू पूर्ण शिजवायचं आणि चिंच किंवा आमसूल घालायचं.

सुरण: एकदा लावलं की आठ-नऊ महिने विसरून जा. भिंतीकडेची एकटी जागा त्याला पुरते.

मायाळू, कन्नडमध्ये बसळे: वेल कुंपणावर चढवा. पानं जाड, भजीला आणि आमटीला दोन्हीला चालतात.

पुदिना, पानओवा आणि ब्राह्मी: ब्राह्मी म्हणजे गोल पानांची मंडूकपर्णी, जिला कन्नडमध्ये ओंदेलगा म्हणतात. ओल असेल तर ती आपोआप पसरते आणि ताकात वाटून तिची तंबळी होते. "हित्तल गिडा मद्दल्ला", म्हणजे परड्यातलं झाड औषध ठरत नाही, ही कन्नड म्हण आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. तरी मागल्या दारी एक कुंडी असावी.

मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक, चुका, अळू किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

उलटं वेळापत्रक

उघड्या बागेचा पालेभाजीचा हंगाम दिवाळी ते शिवरात्र. तुमच्या परड्यात नेमका तोच काळ अंधाराचा. आणि मार्च ते मे, जेव्हा उघड्यावरची कोथिंबीर उन्हाने पिवळी पडते, पालक आणि मेथी आठवड्यात फुलावर येतात आणि बाजारात कोथिंबिरीच्या पेंडीचा भाव चढतो, तेव्हा तुमच्या परड्यात सकाळचं कोवळं ऊन आणि आंब्याची सावली असते. उन्हाळ्यात कोथिंबीर घ्यायला शेतकरी पैसे घालून शेडनेट उभारतो. तुमच्याकडे सासऱ्यांनी लावून ठेवलेलं शेडनेट आहे.

म्हणून सावलीच्या परड्याचं वर्ष असं आखा. फेब्रुवारीअखेर ते मे या काळात दर पंधरा दिवसांनी कोथिंबीर, पालक, मेथी, चुका थोडं थोडं पेरत राहा. मे-जूनमध्ये हळद, आलं, सुरण, अळू लावा. पावसाळ्यात कंद, मायाळू आणि पुदिना यांच्यावर भर द्या, कारण जून ते ऑगस्टच्या संततधारेत कोवळ्या पालेभाज्या कुजतात. ऑक्टोबरपासून, आकाश मोकळं दिसणाऱ्या जागीच, पालक आणि पुदिना. डिसेंबर-जानेवारीत कंद काढा, वाफे खत घालून रिकामे ठेवा. जमिनीलाही विसावा लागतो.

उन्हाळी कोथिंबिरीसाठी एक सूचना. कडक उन्हाळ्यात धणे नीट उगवत नाहीत. ते आधी हलके रगडून दोन फोडी करा, रात्रभर भिजवा आणि ओल्या फडक्यात बांधून दोन-तीन दिवस माठाशेजारी गारव्यात ठेवा. मग पेरा.

असलेला प्रकाश वाढवा

उत्तरेकडच्या भिंतीला पांढरा चुना द्या. दक्षिणेकडून येणारा उजेड तिच्यावर आपटून वाफ्यावर परततो. खर्च थोडा, फरक डोळ्यांना दिसेल इतका.

दोडका, कारलं, तोंडली यांचं मूळ सावलीत असलं तरी चालतं, शेंडा मात्र उन्हात हवा. वेल भिंतीच्या कडेला लावा आणि सुतळीने गच्चीवर न्या. मिरची आणि टोमॅटो पाहिजेतच असतील तर त्यांना कुंडीत घालून गच्चीवर पाठवा.

आंब्याच्या खालच्या, जमिनीकडे वाकलेल्या फांद्या फळं उतरवून झाल्यावर जाणकार माणसाकडून काढून घ्या. एका वर्षी पाव भागापेक्षा जास्त काढू नका आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. आंब्याची अन्न घेणारी बरीचशी मुळं जमिनीच्या वरच्या थरात असतात, म्हणून बुंध्याजवळ खणू नका. तिथे कुंड्या किंवा जुन्या बादल्या ठेवा, माती बुंध्याला टेकू देऊ नका. कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट आणि एक भाग भाताचा तूस. तूस आपल्याकडे गिरणीवर सहज मिळतो आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवत नाही. आंब्याची पाने जाड असतात, लवकर कुजत नाहीत. ती चुरून वाफ्यावर पातळ पसरा.

पाणी, गोगलगाय आणि डास

सावलीतली रोपं तहानेने क्वचितच मरतात, ती जास्त पाण्याने मरतात. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. द्यायचं ते सकाळीच द्या, म्हणजे दिवसभरात पानं वाळतात. कोवळी रोपं जमिनीलगत कुजून आडवी पडत असतील तर पेरणी दाट झाली आहे किंवा पाणी जास्त झालं आहे.

पावसाळ्यात मोठ्या शंखाची आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत वाफा साफ करते. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याजवळ टाका. सकाळी तिथे जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचला आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हाताने त्यांना शिवू नका, आणि मातीत मीठ टाकू नका. त्या दिवसांत पालेभाजी दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा आणि कच्ची खाऊ नका.

सावली आणि साचलेलं पाणी म्हणजे डासांचं घर. कुंड्यांखालच्या थाळ्या दर आठवड्याला एकदा पूर्ण ओतून कोरड्या करा. आडाला जाळी घाला.

पेव्हरबद्दल

पेव्हर घातलेल्या परड्यात गाडी राहते, पण वळवाचं पाणी जमिनीत मुरण्याऐवजी गटारात जातं. ताईंच्या परड्यात आड आहे, त्याचा विचार त्यांच्या मुलाने जरूर करावा. गाडी रस्त्याकडच्या बाजूला लावता येते का ते आधी पाहा. अगदीच गरज असेल तर फक्त चाकांच्या दोन पट्ट्या फरशीच्या करा आणि मधली जागा ब्राह्मीला सोडा.

आणि सासूबाईंबद्दल. त्यांनी परडं सोडलं ते लावलेलं काही हाती लागेना म्हणून. त्यांना बागेत परत नेण्यासाठी लवकर हाताशी येणारी भाजी हवी. मेथी वीस-पंचवीस दिवसांत उपटता येते. सकाळचं ऊन जिथे सगळ्यात जास्त वेळ राहतं तिथे, बसल्या बसल्या हात पोचेल अशा उंचीवर, दोन विटांच्या थरांचा लहान वाफा करा आणि त्यात मेथी पेरा. शेजारी बसायला पाट किंवा खुर्ची ठेवा आणि कुठे काय लावायचं हे त्यांनाच ठरवू द्या. कुठल्या कोपऱ्यात ओल टिकते, आंब्याची सावली कितीला सरकते, हे घरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. मोजणीचा नकाशाही त्यांच्याशेजारी बसूनच भरा.

मे महिन्यातली कामं

परड्याचा नकाशा आणि उन्हाचे तास लिहून ठेवा. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की हळद, आलं, सुरण लावा. अळूचे कंद शेजारीपाजारी मागून आणा, अळू विकत घ्यायची वेळ बेळगावात सहसा येत नाही. कोथिंबिरीचा शेवटचा हप्ता वीस तारखेच्या आत पेरा. भिंतीला चुना पावसाआधीच द्या. कुंड्यांची तळची भोकं काडीने मोकळी करा.

डिसेंबरची मोजणी झाली की दोन्ही नकाशे सदराकडे पाठवा. आपल्या भागातल्या परड्यांचे चार-सहा नकाशे शेजारी शेजारी ठेवून जानेवारीच्या अंकात बोलू. पुढच्या महिन्यात विषय आहे पावसाळ्यात कुंड्यांचा निचरा.